तोंडातल्या टाचण्या

टाचणीताईंकडे पहिल्यांदा कपडे शिवायला गेलेल्या माणसाला वाटायचं, की या बाई मुक्या तरी असाव्यात नाहीतर शिष्ट तरी. दोन्ही खोटं. त्यांच्या ओठांत टाचण्या असायच्या, एवढंच. कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर लावायचं, एका हाताने चूण धरायची, दुसऱ्या हाताने टाचणी टोचायची, आणि उरलेल्या टाचण्या धरायला तिसरा हात नाही म्हणून त्या ओठांत. शिकाऊ असताना जडलेली ही सवय लग्न झालं, लेक झाली, दुकान स्वतःचं झालं, तरी सुटली नाही. खरं नाव आईबापांनी हौसेने ठेवलेलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

ओठ न उघडता जेवढं बोलता येतं तेवढं त्या बोलत, आणि तेवढ्यात त्यांचं भागत असे. 'हं' म्हणजे हात वर करा. 'हंहं' म्हणजे एवढे वर नकोत. 'उंहूं' म्हणजे पोट आत ओढू नका, माप चुकतं. आणि नाकातून सोडलेला लांबलचक 'हम्म' म्हणजे मागच्या वेळेपेक्षा तुम्ही बरेच सुटला आहात, पण ते तोंडावर सांगण्याइतकी मी दुष्ट नाही. गिऱ्हाइकं खूश होती. मध्येच न तोडता ऐकून घेणारं माणूस जगात कुठे मिळतं? बेकरीवाले काका तर पँटची कंबर सैल करायच्या निमित्ताने येत आणि आपल्या भावजयीबद्दलचं सगळं मन मोकळं करून जात.

घरात बोलण्याचं खातं नवऱ्याकडे होतं. ते शहरातली बस चालवत, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. दिवसभर डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी घेऊन बसल्यामुळे आत जे काही साठे, ते घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच बाहेर पडू लागे. त्यांची एकुलती एक लेकही बापाच्या वळणावर गेलेली. जेवताना दोघं बोलत आणि टाचणीताई आळीपाळीने दोघांकडे बघत. आपल्याला काही बोलायचं आहे, असं त्यांना कित्येकदा वाटे. पण वाक्य जुळवून होईपर्यंत विषय तीन घरं पुढे गेलेला असायचा.

लेकीची शाळा संपली आणि तिच्या कॉलेजप्रवेशासाठी मायलेकी रांगेत उभ्या राहिल्या, तिथून ही गोष्ट सुरू होते. लेकीचा स्वभाव असा, की जे काम करायचं ते घड्याळाने डोळे वटारल्याशिवाय करायचं नाही. खिडकीजवळ नंबर आल्यावर तिला आठवलं, की फोटो आणलेच नाहीत. "आई, तू नंबर धर, मी आलेच!" म्हणून ती पळाली. टाचणीताई नंबर धरून उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर एक सूचना लावली होती, आणि दुसरं काही वाचायला नसल्याने त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. कॉलेजात प्रवेशासाठी वयाची अट नाही, असं तीत लिहिलं होतं.

शाळेत असताना त्यांना चांगले मार्क पडत. पुढे शिकायचं मनात होतं, पण घरात 'आधी हातात काहीतरी कला येऊ दे' असं ठरलं, कला हातात आली, आणि शिकायचं मागे पडलं ते पडलंच. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. पण त्या सूचनेवरून त्यांची नजर हलेना.

"प्रवेश कुणाचा?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

त्या दिवशी ओठांत टाचण्या नव्हत्या. "दोघींचा," टाचणीताई म्हणाल्या.

"दुसरी कोण?"

"मी."

फोटो घेऊन धापा टाकत आलेल्या लेकीला हे कळलं तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकली. "तू? माझ्या वर्गात?" मग घरी येईपर्यंत तिने विचार करून एक करार मांडला. कॉलेजात तिने आईला ओळखायचं नाही आणि आईने तिला. हाक मारायचीच वेळ आली तर ती 'ताई' म्हणेल. "मला माझं काहीतरी वेगळं असू दे ना, आई," ती म्हणाली. टाचणीताईंना ते लागलं. पण आपणही त्या वयात आईबरोबर बाजारात जाताना दहा पावलं मागे चालत होतो, हे आठवून त्यांनी मान हलवली.

ड्रायव्हरसाहेब आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. सकाळचं दुकान बंद राहणार, म्हणजे अर्धी गिऱ्हाइकं चौकातल्या शिंप्याकडे वळणार. "एक वर्ष बघू," ते म्हणाले. "पास झालीस तर पुढे चाल. नाही झालीस तर मशीन काही कुठे पळून जात नाही." यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. टाचणीताईंनीही तेच ठरवलं होतं. मिळणार ते एकच वर्ष, आणि जे करायचं ते त्यातच.

वर्गात त्या शेवटच्या बाकावर बसत, लेक तिसऱ्या. समाजशास्त्राचे सर विभागप्रमुख होते, उंच आणि किडकिडीत. त्यांच्या अंगावरचा करडा कोट टाचणीताईंनीच शिवलेला. त्या कोटाचा मुंढा, बाही जोडायचा तो घेर, त्यांना झोपेतही कापता आला असता, पण कोटातून येणारे शब्द मात्र त्यांच्या डोक्यावरून जात. व्यामिश्र. सापेक्ष. गृहीतक. गंमत अशी, की विषय त्यांना कळायचा. माणसं चारचौघांत कशी वागतात आणि आरशासमोर कशी वागतात, हे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता. अडवायचा तो शब्द. तो वाटेत असा आडवा पडे, की पलीकडचं ओळखीचं घरही दिसेनासं होई.

सहामाही लेखी परीक्षेत त्यांनी कसंबसं निभावलं. तोंडी परीक्षेत सरांनी अगदी सोपा प्रश्न विचारला. टाचणीताई उभ्या राहिल्या. उत्तर येत होतं. पण ओठ उघडेनात. वर्षानुवर्षं मिटून ठेवलेले ते ओठ, उघडले तर काहीतरी सांडेल अशा बेताने घट्ट मिटून राहिले. शेवटी आवाज आला तो 'हं' एवढाच.

"लिहिता बरं तुम्ही," सर नंतर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, उलट काळजी होती. "पण तोंडी परीक्षेत पास झाल्याशिवाय वर्ष धरत नाहीत. वर्षअखेरीला परीक्षक बाहेरून येतात. 'हं'चा अर्थ मला कळतो, मी तुमचं गिऱ्हाईक आहे. त्यांना कसा कळणार?"

त्या दुपारी टाचणीताई दुकानात बसून कुणाच्या तरी बाहीची टीप उसवत होत्या. लेक समोर स्टुलावर येऊन बसली. घरात करार लागू नव्हता.

"मी सोडते," टाचणीताई टाचण्यांमधून म्हणाल्या. ऐकू आलं ते 'ई ओअए' असं काहीतरी.

"काय?"

त्यांनी टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "मी सोडते कॉलेज. वर्षाची वाट कशाला बघायची?"

लेक आईच्या हातावरच्या टाचण्यांकडे बघत राहिली. मग तिचे डोळे चमकले. "आई, तुला बोलता येत नाही असं नाहीच मुळी. तुझं तोंड म्हणजे टाचण्यांची डबी झालीय. नसल्या तरी तू असल्यासारखीच बसतेस!" ती उठली, उरलेल्या चिंध्यांमधून एक जाड तुकडा काढला, त्यात कापूस भरला, वेडेवाकडे टाके घातले आणि ती उशी नाडीने आईच्या मनगटाला बांधली. "आजपासून टाचण्या इथे."

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. पहिले काही दिवस टाचणीताईंचा हात उशीपाशी जायचा आणि तिथून परस्पर ओठांकडे वळायचा. रिकामे ओठ त्यांना उघड्यावर पडल्यासारखे वाटत. पण तोंड मोकळं झालं, म्हणून शब्द काही आपोआप आत येऊन बसत नाहीत. तेव्हा दुसरी युक्ती निघाली, आणि ती मात्र टाचणीताईंची स्वतःची.

त्यांच्या दुकानात शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला मापाची चिठ्ठी टाचलेली असे. तिच्याशेजारी त्यांनी आणखी एक चिठ्ठी टाचायला सुरुवात केली. तिच्यावर एकच शब्द, सकाळच्या तासाला अडलेला. कपडा शिवून होईपर्यंत तो शब्द डोळ्यांसमोर. कापताना बघायचा, टीप मारताना बघायचा, इस्त्री करताना बघायचा. आणि नियम असा केला, की गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं, की तो शब्द त्याच्याशी बोलताना मोठ्याने वापरायचा. वापरला की चिठ्ठी काढायची. वापरल्याशिवाय कपडा द्यायचा नाही.

पहिला मान बेकरीवाल्या काकांचा. त्यांच्या पँटला 'अपरिहार्य' टाचलेलं होतं. काका आले, पँट लावून बघितली, भावजयीवर घसरले. टाचणीताई उघड्या तोंडाने संधीची वाट बघत उभ्या. शेवटी काकांनी विचारलं, "का हो, कंबर पुन्हा वाढवावी लागली का?"

"अपरिहार्य होतं," टाचणीताई एका दमात म्हणाल्या, आणि लाजून लाल झाल्या.

काका भावजयीला विसरले. एकतर टाचणीताई बोलल्या, आणि बोलल्या त्या असं. "म्हणजे काही गंभीर आहे का?" त्यांनी पोटावर हात ठेवून विचारलं. टाळता येण्यासारखं नव्हतं, असा त्याचा अर्थ आहे, हे समजावून सांगितल्यावर ते इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी पाव जरा जास्त भाजला गेल्याची तक्रार करणाऱ्या बाईला त्यांनी हेच उत्तर दिलं.

मग काय, गल्लीला चटकच लागली. लोक कपडा न्यायला येताना विचारू लागले, "ताई, माझा शब्द कोणता?" औषधाच्या दुकानातल्या बाईंना 'संदिग्ध' मिळाला, तो त्या डॉक्टरांच्या अक्षराबद्दल वापरू लागल्या. पोस्टमनला 'सापेक्ष' मिळाला. एकदा घाईगर्दीत काकांना शब्दाशिवायच सदरा दिला गेला, तर ते चौकातून परत आले. "शिलाई घेतलीत ना पुरी? मग माझा शब्द कुठाय?" म्हणून अडून बसले. घरी ड्रायव्हरसाहेबांनाही हाव सुटली. आपल्या खाकी शर्टाला रोज नवी चिठ्ठी असावी असा त्यांचा आग्रह, आणि बस उशिरा का आली, असं विचारणाऱ्याला "ते सापेक्ष आहे," असं सांगून ते मोकळे होऊ लागले.

पण खरी मौज वेगळीच झाली. टाचणीताई सकाळी कॉलेजला निघत तेव्हा समोरून शब्द चालत येत. बेकरीच्या दारात 'अपरिहार्य' उभा असे, सायकलवरून 'सापेक्ष' घंटी वाजवत जाई, 'संदिग्ध' कोपऱ्यावर शटर वर करत असे. विसरायची सोयच नव्हती. ज्या अंगावर जो शब्द शिवला, तो तिथेच राहिला.

अभ्यासाची त्यांची दुसरीही एक रीत होती, आणि तीही शिवणातूनच आलेली. चुकलेली टीप त्या कधी संध्याकाळी उसवत नसत. दमलेला हात दोऱ्याऐवजी कापड कापतो. उसवायचं ते सकाळी, ताज्या डोळ्यांनी, आणि नवं काही हातात घेण्याच्या आधी. तसंच त्यांनी पुस्तकाचं केलं. सकाळी उठलं की आधी कालचं चुकलेलं काढायचं, ते नीट करायचं, मग पुढचं पान. परीक्षेच्या तोंडावर एका रात्रीत डोंगर उपसणारी लेक हे बघून आधी हसली. पुढे एका चाचणीत आईला आपल्यापेक्षा जास्त मार्क पडल्यावर ती हसायची थांबली. एके दिवशी सकाळी टाचणीताई उठून बघतात तो लेक आपली आधीच जागी, कालच्या चुका समोर घेऊन, विस्कटलेल्या केसांनी बसलेली. त्यांनी तिच्यासमोर चहा ठेवला आणि शेजारी आपलं पुस्तक उघडलं.

आता सरांच्या कोटाचं सांगायला हवं. कोटाचं अस्तर फाटलं म्हणून तो दुरुस्तीला आला होता, आणि त्याला टाचलेला शब्द होता 'पूर्वग्रहदूषित'. हा शब्द खुद्द विभागप्रमुखांशी बोलताना वापरायचा कसा? टाचणीताईंची छाती होईना. अस्तर केव्हाच बसवून झालं, तरी कोट खुंटीवर तसाच. एका सुट्टीच्या दिवशी त्या बाजारात गेल्या असताना ड्रायव्हरसाहेब दुकानात बसले. सर आले, कोट मागितला. ड्रायव्हरसाहेबांनी मोठ्या अदबीने घडी घालून दिला, वर चार गप्पा मारल्या, आणि चिठ्ठी बघायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सर फळ्याकडे वळले, आणि कोटाच्या मागच्या फटीत, अगदी खाली, पांढरी चिठ्ठी डोलताना दिसली. ठळक अक्षरांत. शेवटच्या बाकावरूनही वाचता यावी अशी. टाचणीताईंचं अक्षर चांगलं होतं, हाही एक दोषच म्हणायचा. वर्गात खुसखुस सुरू झाली. सर वळले, सगळे गप्प. सर फळ्याकडे, पुन्हा खुसखुस. टाचणीताईंनी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. लेकीने मान पुस्तकात खुपसली होती.

टाचणीताई उभ्या राहिल्या. "सर," त्या म्हणाल्या, "तुमच्या कोटाला माझं काहीतरी राहिलंय."

सरांनी हात मागे नेऊन चिठ्ठी ओढली, वाचली, उलटी करून बघितली. "हा शब्द तुम्ही मला बघून दिलात, की कोट बघून?"

"पुस्तक बघून, सर. तो तुमच्याशी बोलताना वापरायचा होता. पण मला वाटलं, तुम्ही रागवाल. म्हणजे..." त्यांनी सरांच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं, "म्हणजे माझंच मत पूर्वग्रहदूषित होतं."

आधी सर हसले, मग वर्ग हसला, इतका की शेजारच्या वर्गातल्या बाई दार उघडून बघून गेल्या. टाचणीताई खाली बसल्या तेव्हा आपण भर वर्गात एक अख्खं वाक्य बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं. लेकीने मात्र मागे वळून बघितलं नाही. तास संपल्यावर शेजारून जाताना ती हळूच म्हणाली, "छान बोललात, ताई." ते 'ताई' टाचणीताईंना दुपारच्या जेवणापर्यंत टोचत राहिलं.

लेकीलाही ते टोचलं असावं. कारण त्यानंतर टाचणीताई बाहेर गेल्या, की दुकानातलं मशीन चालू होऊ लागलं. शिंपिणीच्या घरात मशीन चालवायचं आणि तिला कळू द्यायचं नाही, हा बेत आखणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं? बॉबीनमधला दोरा निळा झालेला असे, जमिनीवर निळ्या चिंध्या असत, आणि सकाळी सकाळी पडद्याआड टीप उसवल्याचा कुरकुर आवाज येई. टाचणीताई तोंडावर साळसूद भाव आणून फिरत राहिल्या. ड्रायव्हरसाहेबांनाही गुपित माहीत होतं, आणि ते न सांगता त्यांनी कसे दिवस काढले, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी लेकीने आईसमोर जाकीट धरलं. निळं, लांब बाह्यांचं. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब होती आणि कॉलर एका अंगाला कलली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवणाऱ्या टाचणीताईंसाठी कुणी कपडा शिवायची ही पहिलीच वेळ. त्यांनी जाकीट घातलं, आरशात बघितलं आणि नाकातून एक लांब 'हम्म' सोडला. डोळे पुसायला पदर जवळ होताच.

"बाही थोडी..." लेक म्हणू लागली.

"गप्प बस. उशीर होतोय," टाचणीताई म्हणाल्या आणि निघाल्या. मागून लेक "आई, थांब, एक मिनिट!" असं काहीतरी ओरडली, पण कोपऱ्यावर ड्रायव्हरसाहेबांची बस भोंगा वाजवत उभी होती.

परीक्षेच्या खोलीत सर एका बाजूला बसले होते. मधल्या खुर्चीत परीक्षक बाई. चेहरा कडक, अंगात तयार घेतलेला तपकिरी कोट, डावा खांदा उतरलेला. टाचणीताईंनी त्या कोटाकडे बघितलं. त्या कोटावर एकही शब्द नव्हता. गल्लीतली सगळी माणसं शब्द अंगावर घालून फिरत होती, आणि परीक्षा घ्यायला आली ती नेमकी अशी, जिच्या अंगावर आपला एक टाकाही नाही.

"सवय आणि सामाजिक नियम, यांत फरक काय?" बाईंनी विचारलं. "उदाहरण देऊन सांगा."

टाचणीताईंचे ओठ मिटले. त्यांना ते मिटताना कळलं, पण थांबवता आलं नाही. सरांनी खाली टेबलाकडे बघितलं. बाईंनी पेन उचललं. वर्ष असं संपणार, एका 'हं'मध्ये, हे टाचणीताईंना स्पष्ट दिसलं. त्यांनी घाबरून ती लांब बाही मुठीत ओढली, आणि आतून टचकन काहीतरी टोचलं.

बाही उलटली तर आत टाचणी, आणि टाचणीला चिठ्ठी.

"ते काय आहे?" परीक्षक बाईंचा आवाज चढला. "इकडे द्या."

सरांचा चेहरा पांढरा पडला. टाचणीताईंनी चिठ्ठी टाचणीसकट टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली, या बाजूने बघितली, त्या बाजूने बघितली, उजेडासमोर धरली. चिठ्ठी कोरी होती.

"नोकरीत बऱ्याच कॉप्या पकडल्या मी," बाई म्हणाल्या. "कोरी पहिल्यांदाच बघतेय. याचं काय ते सांगा."

आता गप्प बसणं म्हणजे चोर ठरणं. टाचणीताईंना एकदम राग आला. कशाचा ते त्यांना सांगता आलं नसतं, पण त्या रागाने ओठ उघडले.

"बाई, मी शिंपीण आहे. टाचण्या ओठांत धरायची मला सवय होती. ती मी सोडली तेव्हा मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं, बाकी कुणाचं काही बिघडलं नाही. कुणी रागावलं नाही. मग मी कपड्यांना शब्दांच्या चिठ्ठ्या लावायला लागले. आधी तीही माझी एकटीची सवयच होती. पण लोकांना ती आवडली, ते शब्द मागायला लागले. एकदा एका गृहस्थांना शब्दाशिवाय कपडा दिला, तर ते चौकातून परत येऊन भांडले. त्या दिवशी मला कळलं, की आता ही माझी सवय राहिली नाही, गल्लीचा नियम झाला. सवय मोडली तर माझं मला वाईट वाटतं. नियम मोडला तर दुसऱ्यांना माझा राग येतो. आणि तो मी एकटीने मोडायचा म्हटला तरी मोडता येत नाही." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "म्हणजे, असं माझं गृहीतक आहे."

सरांनी तोंडावर रुमाल धरला. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग ही कोरी कशी?"

"हे जाकीट माझ्या मुलीनं शिवलंय. नियम तिनं मोडलाय. घरी गेल्यावर विचारते तिला."

बाईंनी आणखी प्रश्न विचारले. दोन आले. एका सिद्धांताचं नाव विचारलं, ते काही केल्या आठवेना. "येत नाही," टाचणीताई म्हणाल्या, खणखणीत आवाजात. येत नाही हेसुद्धा तोंड उघडून सांगता येतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

"आणि एवढा वेळ माझ्या खांद्याकडे काय बघताय?" शेवटी बाईंनी विचारलं.

"खांदा उतरलाय, बाई. नजर जाणं अपरिहार्य होतं."

त्या बाहेर आल्या तेव्हा लेक मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. आईला बघताच तिला करार आठवला की नाही, कोण जाणे. ती घोळका मोडून धावत निघाली आणि अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आई! काय झालं? आई, सांग ना!"

सगळे वळून बघू लागले. लेक मध्येच थबकली आणि तिने हळूच मैत्रिणींकडे बघितलं.

"काय बघतेस?" एक मैत्रीण म्हणाली. "आम्हाला पहिल्या दिवसापासून माहितीये. नाक बघ ना दोघींचं."

टाचणीताई काही सांगणार, तोच मागून दार उघडून सर बाहेर आले. "यादी संध्याकाळी लागेल, आत्ता मी काही बोलू नये," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षीही सकाळी दुकान बंद राहील, एवढं गिऱ्हाइकांना कळवून ठेवा." लेकीने किंचाळून आईला मिठी मारली, आणि बाहीतली टाचणी दोघींना एकदमच टोचली.

टाचणीताईंनी बाही उलटून दाखवली. बाईंनी परत दिलेली चिठ्ठी त्यांनी होती तिथेच टाचली होती. "ही कोरी का ठेवलीस गं? चोर ठरले असते मी."

"कोणता लिहू तेच ठरेना," लेक रडवेली होऊन म्हणाली. "रोज उठून एक लिहायचे आणि आवडायचा नाही. म्हटलं, शेवटच्या क्षणी काहीतरी सुचेल, तर तू निघालीस. शब्द न वापरता कपडा दिला मी. नियम मोडला."

"न वापरता कसा?" टाचणीताई म्हणाल्या. "आत्ता धावत आलीस ते मला काय म्हणून ओरडत आलीस? चारचौघांत, एवढ्या मोठ्यानं?"

लेकीला कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा असा काही झाला, की मैत्रिणीसुद्धा दुसरीकडे बघू लागल्या.

"झालं तर मग," टाचणीताई म्हणाल्या. "शब्द वापरून झाला. जाकीट आता माझं."

लेकीने डोळे पुसले आणि नियमाप्रमाणे चिठ्ठी काढायला हात पुढे केला. टाचणीताईंनी तो हात धरून बाजूला केला आणि बाही खाली ओढून घेतली.

"राहू दे," त्या म्हणाल्या.